काथ्याच्या दोरीवरचं माप

आळीतल्या बायका तिला शिलाईमावशी म्हणत, आणि तिच्या हाताखालून गेली नाही अशी बाई त्या आळीत दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. एकच खोली होती. पुढे दुकान, मागे संसार, मध्ये एक जाड पडदा. पडद्याच्या अलीकडे पायाचं मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीला टेकवलेला पुरुषभर उंचीचा आरसा. त्या आरशाचा खालचा कोपरा तिच्या मुलाने लहानपणी चेंडू मारून तडकवला होता, म्हणून त्यात सगळ्यांचेच पाय थोडे वाकडे दिसत. नवी गिऱ्हाईक बाई दचकली की मावशी म्हणायची, "पायांकडे बघू नकोस, पायांचं मी काही शिवत नाही."

माप घेताना बायका पोट आत ओढून घेतात. मावशी टेप तशीच धरून उभी राहायची. "सोड श्वास. सोड गं. घरी जाऊन सोडणारच आहेस, मग माझ्यासमोर सोडलास तर काय बिघडलं?" बाईला हसू यायचं, हसताना श्वास सुटायचा आणि तेवढ्यात माप घेऊन झालेलं असायचं.

तिचं म्हणणं एकच होतं. डोळ्याला फसवता येतं, हाताला नाही. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं जेवण तुटलंय, कुणाच्या पाठीवर वळ आहे, हे तिच्या बोटांना घरातल्यांच्या आधी कळायचं. पण हाताला जे कळलं ते तोंडाने सांगायचं नाही, हा तिचा नेम होता. फार तर ती शिलाईचे पैसे पुढच्या महिन्यावर ढकलायची, किंवा "जरा बस, चहा टाकते" म्हणायची. एवढ्यावर बाई कधी रडायची, कधी नुसतीच बसून चहा पिऊन जायची.

हे शिवणकाम ती कुणाकडे शिकायला गेली नव्हती. आई गेली तेव्हा धाकटी बहीण रांगत होती आणि ही स्वतः जेमतेम वेणी घालण्याच्या वयाची. धाकटीला अंगात घालायला काही उरलं नाही, तेव्हा हिने वडिलांचा जुना सदरा कापून एक झबलं शिवलं. गळा इतका अरुंद झाला की धाकटीचं डोकं त्यात अडकलं. ती आत भोकाड पसरतेय आणि ही बाहेरून ओढतेय! वडील कामावरून आले, त्यांनी कात्रीने तो गळा कापला आणि आतून लालबुंद तोंड बाहेर आलं. पुढे कित्येक वर्षं, कुठल्याही गोष्टीवरून दोघी भांडल्या की धाकटी दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरून दाखवायची, आणि भांडण तिथेच मोडायचं.

त्यानंतर धाकटी वाढली ती हिच्या टेपखाली. टेप एकदा हरवली आणि नवी घ्यायला वडिलांकडे पैसे मागायची सोय नव्हती, तेव्हा दोघींनी सुतळीवर मापं घ्यायला सुरुवात केली. छातीला एक गाठ, कमरेला दोन, दंडाला तीन. पुढे टेप आली तरी धाकटीला सुतळीच आवडायची. "टेप सगळ्यांची असते, दोरी माझी एकटीची," म्हणायची.

लग्न ठरलं तेही झटपट. मुलगा लांबच्या एका बेटावर वखारीत कारकून होता. सुट्टीवर आला, पाहून गेला, आणि महिन्याच्या आत धाकटीला घेऊन जहाजात बसला. वडील म्हणाले, "पोरगी भाग्याची, समुद्राकाठी घर आहे." थोरलीने रात्रंदिवस बसून तिचे कपडे शिवले. धक्क्यावर निरोप देताना धाकटी तिला म्हणाली, "ताई, तिथे शिंपी असेल ना गं?" आणि हिला एवढंच सुचलं, "असेल की. माणसं काय उघडी फिरत असतील?"

त्या दिवसानंतर दोघींची गाठ पडली नाही. थोरलीचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, शिलाईच्या जोरावर मुलगा शिकला. धाकटीकडून पत्रं यायची, पण ती मेहुण्यांच्या वळणदार अक्षरात. आम्ही सर्व खुशाल आहोत, आपली खुशाली कळवावी, हिला आपली फार आठवण येते. दरवेळी तेच. धाकटीला लिहिता येत होतं, पण सावकाश, आणि बहुधा मेहुण्यांना वाट बघायचा कंटाळा असावा. मावशी पत्र उलटंपालटं करायची, कागदावरून बोटं फिरवायची. कागदाला हात लावून काही कळत नाही. खुशाल म्हणजे किती खुशाल? कमरेत भरली का? गालावरच्या खळ्या राहिल्यात का? तिला ही एकच गोष्ट हवी होती. एकदा, एकदाच धाकटीच्या अंगावरून टेप फिरवायची, म्हणजे ती कशी आहे ते कळेल. मग पुन्हा भेट नाही झाली तरी चालेल, असं ती मनाशी म्हणायची. चालणार नाही हे माहीत असूनही म्हणायची.

मुलाला परमुलखात नोकरी लागली, घर झालं, आणि त्याने आईला कायमचं बोलावून घेतलं. तिकडे जाणारी दोन जहाजं होती. एक नवं, सरळ जाणारं. दुसरं जुनं, वाटेत त्या बेटापाशी पाणी आणि भाजीपाला घ्यायला थांबणारं.

"आई, त्या जुन्या जहाजाने दुप्पट दिवस लागतात," मुलगा फोनवर म्हणाला.

"लागू देत. मला तिकडे येऊन कुठली पंगत वाढायचीय?"

"आणि हलतंही फार म्हणे."

"मी तुला नऊ महिने पोटात घेऊन मशीन मारलंय. मला हलण्याचं काय सांगतोस?"

मशीन विकलं, आरसा शेजारणीला दिला. मेहुण्यांच्या पत्त्यावर तिने स्वतः पत्र टाकलं. अमुक तारखेला सकाळी जहाज नांगर टाकेल, दुपारी उचलेल. धाकटीला म्हणावं, धक्क्यावर उभी राहा, इकडेतिकडे करू नकोस. आणि एक झगा शिवला. फिकट पिवळा, त्यावर बारीक हिरवी पानं, पुढे बटणं, घोट्यापर्यंत लांब. कापड आधी पाण्यातून काढून, वाळवून मगच कापलं, कारण न आटवलेलं कापड कापणाऱ्या शिंप्याला ती माणसात धरत नसे. माप कुठून आणणार? लग्नातलं माप डोक्यात होतं. त्यात तिने मधल्या वर्षांचा अंदाज मिळवला. आमच्याकडच्या बायका चाळिशीनंतर कमरेत भरतात, आजी भरली, आत्या भरली, मी भरले, तेव्हा धाकटी काय आभाळातून पडलीय? कमरेला सढळ हाताने वाढवलं, आणि शिवणीच्या आत सगळीकडे दोन दोन बोटं कापड राखून ठेवलं. शिंपी त्याला माया म्हणतात. सैल करायची वेळ आली तर उसवून तेवढं बाहेर काढता येतं.

जहाजावर तिच्या खोलीत वरच्या फळीवर एक नर्सबाई होत्या. नोकरीतून मोकळ्या होऊन लेकीकडे निघालेल्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण रात्री मावशीला उलटीचा त्रास झाला की न बोलता भांडं पुढे धरणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना धाकटीचा सगळा इतिहास पाठ झाला.

"तुमच्या बहिणीला मी रस्त्यात ओळखेन आता," नर्सबाई म्हणायच्या. "गळा धरलेली बाई दिसली की विचारेन, झबल्यातली तीच ना?"

बेट यायच्या दोन दिवस आधी खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना कांजिण्या निघाल्या.

बेट यायच्या दिवशी सकाळी मावशी सगळ्यात आधी कठड्याशी जाऊन उभी राहिली होती. नवी चप्पल, केसांना तेल, काखोटीला पिशवी, पिशवीत झगा आणि गळ्यात टेप. बेट समोर होतं. नारळीची रांग, पांढरी वाळू, टेकडीवर पत्र्याची छपरं, आणि धक्का इतका जवळ की त्यावरची माणसं मोजता आली असती. नांगर पडला, साखळी खडखडली, आणि तिकडून एक सरकारी लाँच आली. लाँचमधला अंमलदार वर चढलाच नाही. त्याने खालूनच कर्णा तोंडाला लावला. जहाजावर आजार आहे. एकही माणूस उतरणार नाही. पाणी, फळं, भाजी वर घ्या. वरून खाली मात्र काही येता कामा नये, एक चिंधीसुद्धा नाही.

मावशीने शेजारच्या खलाशाला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"उतरायचं नाही, मावशी."

"ते बाकीच्यांना. मला लहानपणीच येऊन गेल्यात कांजिण्या."

खलाशी बिचारा दोरी गुंडाळू लागला. नर्सबाईंनी मागून येऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. "बसा जरा."

"बसायला आले नाही मी इथवर." ती कठडा धरून तशीच उभी राहिली. एवढ्या वर्षांचं अंतर ती कापून आली होती आणि आता शेवटच्या हातभर पाण्याशी अडली होती.

तोवर किनाऱ्यावरून होड्या सुटल्या. केळी, अननस, शहाळी, भाजी. बघता बघता जहाजाच्या कुशीला होड्यांची जत्रा भरली. खलाशी वरून दोरीला बांधून टोपल्या सोडत, होडीवाले त्या भरत, टोपल्या वर येत. टोपल्या आणि पैसे तेवढे औषधाच्या पाण्यात बुडवून खाली सोडायची परवानगी होती. आरडाओरडा, भाव, शिव्या, हशा. त्या गलक्यातून एक आवाज आला.

"ताईऽऽ!"

मावशीने इतकं झुकून पाहिलं की नर्सबाईंनी तिच्या पदराला धरलं.

"ताई! अगं इकडे! अननसांमध्ये!"

अननसांच्या ढिगामध्ये, डोक्याला फडकं बांधलेली एक बाई वर तोंड करून उभी होती. होडीच्या टोकाला एक म्हातारा नावाडी बसला होता. मावशीने आयुष्यभर माणसं समोरून पाहिली होती, वरून माणूस पाहायची तिला सवय नव्हती. वरून दिसत होतं ते फडकं, उन्हाने रापलेलं कपाळ, आणि खालचं सगळं आखूड, पसरट. ही धाकटी? मग त्या बाईने दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला.

मावशीला हसू फुटलं आणि ते मध्येच मोडून दुसरंच काहीतरी झालं.

"किती वाळलीस गं ताई!" खालून आवाज आला.

"आणि तू? तू तर दोन झालीस!"

"वरून दिसते तशी! खाली ये आणि बघ!"

"येऊ देतायत कुठे मेले!"

आता कठड्याशी माणसं जमली. बहिणी इतक्या वर्षांनी भेटतायत म्हटल्यावर अननसांचा भाव कोण करणार? ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांना पुढचे लोक सांगू लागले.

"सासू कशी आहे?" मावशी ओरडली.

"गेली!"

"सुटलीस!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. खाली धाकटीही हसली.

"मेहुणे कुठायत?"

"घरी!"

"आज कामावर नाहीत?"

"घरीच असतात!" तिने डोक्यावरचं फडकं सारखं केलं. "डोळ्यांना दिसत नाही नीट त्यांना आता. जवळचं दिसतं. पत्रं लिहितात!"

"मग..." मावशी थांबली. घर कसं चालतं, हे विचारायचं होतं. पण दोन मजले माणसं कान देऊन उभी होती. बहिणीच्या संसारातली गोष्ट अशी भोंग्यासारखी ओरडून विचारायची कशी? तिने विचारलं, "बरं आहे ना?"

"बरंय! तुझं?"

"बरंय!"

एक म्हातारे गृहस्थ वैतागले. "अहो, हे तर पत्रातही लिहिता येतं! नीट विचारा की काहीतरी!"

"तुम्हीच विचारा मग," नर्सबाई त्यांच्यावर खेकसल्या.

मावशीने पिशवीतून झगा काढला आणि कठड्यावरून उलगडून धरला. वाऱ्याने तो शिडासारखा फुगला. "तुझ्यासाठी शिवलाय!"

धाकटीने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कुणाला बसेल तो, ताई? कमर बघ त्याची! त्यात मी आणि म्हातारबाबा दोघं मावू!" म्हाताऱ्या नावाड्याने हात हलवून नको नको केलं.

"मग माप दे! आत्ता दुरुस्त करते!"

"टेप टाक!"

मावशीने गळ्यातली टेप काढलीसुद्धा. खलाशाने हात धरला. "काही टाकायचं नाही, मावशी. साहेबाची लाँच इथेच फिरतेय. परवाना काढून घेतील त्यांच्याच होडीचा."

खाली धाकटीने हे पाहिलं. ती वाकली, होडीच्या तळातून काथ्याची दोरी उचलली, दातांनी तोडली आणि वर धरून दाखवली. "एक, दोन, तीन! आठवतंय?"

"आठवतंय म्हणून काय विचारतेस!"

सगळ्या जहाजाच्या देखत तिने दोरी छातीभोवती घेतली, गाठ मारली. कमरेभोवती घेतली, दोन गाठी. म्हातारा नावाडी शहाण्यासारखा पाठ फिरवून समुद्राकडे बघत बसला. वरून कुणीतरी शीळ घातली, तर नर्सबाईंनी वळून अशा नजरेने पाहिलं की शीळ ओठांतच वाळली. मग दंडाला तीन गाठी. दोरी टोपलीत पडली, तिच्यावर दोन अननस, आणि टोपली डुलत डुलत वर आली.

मावशीने अननसांना हातही लावला नाही. ओली, खरखरीत दोरी तिने मुठीत घेतली. तिला खाऱ्या पाण्याचा, नारळाच्या तेलाचा आणि घामाचा वास होता. तिथेच एका पेटीवर बसून तिने ती टेपला लावली. एक गाठ. ठीक, लग्नातल्यापेक्षा थोडीच पुढे. दोन गाठी. तिने पुन्हा लावून पाहिलं. लग्नात होती तेवढीच कमर, आजी आणि आत्या कुठल्या कुठे राहिल्या. पोट आत ओढून गाठ मारली असेल का? पण धाकटीने कधीच श्वास धरला नव्हता, लहानपणीही नाही. मग तीन गाठी. ते माप घेतल्यावर मावशी उठून कठड्याशी आली.

"दंडाची गाठ चुकलीय!"

"नाही चुकली!"

"अगं, हा पुरुषाचा दंड झाला! पुन्हा घे!"

धाकटीने वर पाहिलं. आता ती हसत नव्हती, आणि ओरडलीही नाही. पण तेवढ्यात जरा गलका ओसरला होता, म्हणून ऐकू आलं. "ताई, नाही चुकली. तू तेवढं सैल कर."

मावशीच्या हातात दोरी होती. हाताला कळलं ते तोंडाने सांगायचं नाही. ती फक्त म्हणाली, "करते," आणि मागे फिरली.

नर्सबाईंनी उसवायला घेतलं, मावशीने शिवायला. भर उन्हात, डेकवर, पेटीवर बसून. कमर आत घेणं सोपं होतं, दोन्ही बाजूंनी एकेक शिवण की झालं. अडचण बाहीची. आत राखलेली सगळी माया बाहेर काढली तरी दंडाला पुरेना.

"हात खाली सोडून उभी राहिली तर बसेल की एवढ्यात," नर्सबाई म्हणाल्या.

"हात खाली सोडून उभी राहत असती तर असा दंड झाला असता का?"

नर्सबाईंनी दुसरी बाही उसवायला घेतली. मावशीने झग्याच्या खालच्या घेरातून पट्टी कापली, दोन चौकोनी तुकडे केले आणि बगलेत कळ्या घातल्या. बगलेत कळी असली की हात कितीही वर न्या, पुढे न्या, शिवण ताणत नाही. हमालांच्या, गवंड्यांच्या सदऱ्यांना ती अशा कळ्या घालायची. बाईच्या कपड्याला आयुष्यात पहिल्यांदा घालत होती. टाके दुहेरी घातले, इतके जवळ जवळ की नर्सबाई म्हणाल्या, "हे काय, जहाज शिवताय का?"

"पुन्हा दुरुस्त करायला मी असणार आहे का तिथे?"

आता झगा खाली कसा पोचवायचा? ते नर्सबाईंनी अंगावर घेतलं. जहाजावरचे डॉक्टर तरुण होते आणि नर्सबाईंना पहिल्या दिवसापासून वचकून होते.

"डॉक्टरसाहेब, उकळत्या पाण्यात कांजिण्या टिकतात का?"

"छे, कशा टिकतील?"

"मग एक झगा धुलाईखान्यात उकळून दिला तर कुणाचं काही बिघडेल का?"

"तसं नाही, पण हुकूम..."

"हुकूम तुम्ही त्या लाँचवाल्याला कर्ण्यातून विचारा. तुम्ही विचारलंत तर डॉक्टर विचारतील, मी विचारलं तर म्हातारी विचारेल."

डॉक्टरांनी विचारलं. लाँचमधल्या अंमलदाराने टोपी काढली, डोकं पुसलं, अननसांच्या होडीकडे पाहिलं, आणि कर्णा न लावता काहीतरी म्हणाला. मग लाँच फिरवून तो जहाजाच्या पलीकडच्या बाजूला निघून गेला. "उकळलेला असेल तर आपण पलीकडे तोंड करतो म्हणाले," डॉक्टरांनी हसत सांगितलं.

झगा उकळत्या हौदातून काठीने बाहेर काढला तेव्हा त्यातून वाफा निघत होत्या. जहाजाला पाणी पुरवणारी मोठी होडी रिकामी होऊन दूरवर परत निघाली होती. इंजिनाची धडधड पायांखाली सुरू झाली. खलाशाने टोपलीत झगा ठेवला आणि नेहमीपेक्षा हळूच दोरी सोडली, जणू आत मूल निजलंय.

धाकटीने तो पिळला आणि अंगातल्या कपड्यांवरूनच घातला. ओला, गरम, चिकटणारा. एकेक बटण लावलं. कमर बसली, जशी अंगावरच कापली होती. तिने दोन्ही हात डोक्यावर नेले, पुढे नेले, बाजूला पसरले. कुठे ओढलं नाही. वरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते वैतागणारे गृहस्थ सगळ्यांत जोरात वाजवत होते.

मावशी टाळ्या वाजवत नव्हती. ती पुढून बघत होती. पुढून सगळेच कपडे चांगले दिसतात. कपडा अंगाला कसा बसलाय आणि अंग कसं आहे, दोन्ही पाठीवर कळतं. खांदे सरळ आहेत की एक उतरलाय, पाठीला बाक आलाय का, मान कशी धरलीय.

"वळ गं!" ती ओरडली. "पाठ दाखव!"

"काय?"

"पाठ! मागे वळ!"

धाकटीला कळलं. तिने होडीत तोल सावरला, वळायला एक पाय उचलला, आणि तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला. कानठळ्या बसल्या. नांगराची साखळी ओढली जाऊ लागली. खाली एकदम पळापळ झाली. जहाज हललं की पाणी उसळतं, जवळच्या होड्या त्यात सापडल्या तर उलटतात. होडीवाले एकमेकांना हाका मारू लागले. शेजारच्या केळ्यांच्या होडीतून कुणीतरी ओरडलं, "वल्हेवाली, चल! काय नटत बसलीस! निघ!"

म्हातारा नावाडी सुकाणूकडे सरकला. धाकटी झटकन मधल्या फळीवर बसली, दोन्ही वल्ही उचलली, पाय समोरच्या आडव्या लाकडाला टेकवले आणि एका ओढीत होडी जहाजापासून सोडवली. ते इतक्या सहज झालं की कुणी सांगायला नको होतं. हे हात रोज हेच करत होते. दुसरी ओढ, तिसरी ओढ. बाकीच्या होड्या अजून एकमेकांत अडकल्या होत्या आणि अननसांची होडी मोकळ्या पाण्यात पोचलीसुद्धा.

कठड्याशी कुणीतरी म्हणालं, "बाई काय वल्हवते बघा!"

मावशीने बगलेकडे नजर लावली होती. हात पुढे जात होते, मागे येत होते. कळी उघडत होती, मिटत होती. टाका सुटला नाही.

"स्वतः लिही!" ती ओरडली. "पत्र! तू लिही! चार ओळी लिही, पण तू लिही!"

धाकटीने काही उत्तर दिलं. ओठ हलले, पण आता वारा होता, इंजिन होतं. तिने मान डोलावली, की वल्ही ओढताना मान तशीच हलते?

जहाजाने तोंड फिरवलं. मावशी कठड्याने चालत चालत मागच्या टोकाला गेली, लोकांतून वाट काढत, आणि नर्सबाई पिशवी घेऊन मागोमाग. होडी आता लहान झाली होती. वल्हं मारणारा माणूस जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो. म्हणून धाकटी बेटाकडे जात होती, पण तोंड जहाजाकडेच होतं. प्रत्येक ओढीला ती आणखी दूर जायची आणि प्रत्येक ओढीला इकडेच बघत असायची. निरोप घेऊन निघालेलं माणूस असं सारखं समोर तोंड करून जाताना मावशीने कधी पाहिलं नव्हतं.

पिवळ्या झग्यावरची पानं आधी दिसेनाशी झाली, मग चेहरा, मग नुसता पिवळा ठिपका राहिला.

"बसला छान," नर्सबाई म्हणाल्या. "पुढून तर अगदी अंगासारखा बसला."

"पुढून बसला," मावशी म्हणाली. तिने मुठीतली काथ्याची दोरी नीट गुंडाळली आणि ठिपका धक्क्याला लागेपर्यंत तिथेच उभी राहिली. तिथे पोचल्यावर तरी धाकटी उठेल, खाली उतरायला वळेल, असं तिला वाटत होतं. ती वळलीही असेल. पण तोवर मधे इतकं पाणी झालं होतं की पाठ कोणती आणि तोंड कोणतं, हे काही तिला कळलं नाही.